जुन्या विमानाचा नवा रंग

रंग देणे म्हणजे सजविणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिवाळीपूर्वी घराच्या भिंतींवर चुन्याचा हात फिरतो, पोळ्याला बैलांची शिंगे रंगविली जातात. या रंगांत हौस असते, सणाचा आनंद असतो. परंतु नारळी पौर्णिमेच्या आधी कोकणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आपल्या होडीला कोळी जो लेप देतो, त्यामागचा हेतू निराळा असतो. खारे पाणी लाकडात मुरू नये, किडीने फळ्या पोखरू नयेत, म्हणून तो लेप असतो. तो देण्यापूर्वी कोळी फळी न् फळी हाताने चाचपून पाहतो. जुना थर खरवडला की कोठे लाकूड कुजले आहे, कोठे सांधा उसवला आहे, हे त्याला आपोआप कळते. रंग नंतर येतो, तपासणी आधी होते. समुद्रात गेल्यावर प्राण त्या तपासणीवर अवलंबून असतात.

विमानाचा रंग याच दुसऱ्या जातीचा आहे. आकाशातून जाणारे पांढरे-निळे विमान पाहणाऱ्याला त्याचा रंग म्हणजे मालकाची आवड किंवा कंपनीची ओळख एवढेच वाटते. वस्तुतः विमानाच्या रंगाचा इतिहास हा विमानाच्या त्वचेचा इतिहास आहे, आणि जुन्या विमानाला नवा रंग देणे हे नेहमीच जोखमीचे व जबाबदारीचे काम होत आले आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान प्रथम उडाले तेव्हा त्याच्या पंखांवर साधे मलमलीचे कापड होते. त्याला कसलाही रंग किंवा रोगण लावलेले नव्हते. त्या दिवशीचे पहिले उड्डाण बारा सेकंदांचे होते आणि तेवढ्या वेळापुरते ते कापड पुरले. परंतु विमाने मिनिटांच्या ऐवजी तास मोजू लागली तेव्हा उघड्या कापडाचे दोष दिसू लागले. दमट हवेत कापड सैल पडे आणि कोरड्या हवेत आकसे. त्याच्या विणीतून हवा आरपार जाई. पावसात ते पाणी पिऊन जड होई. ज्या पंखाच्या आकारावर विमानाचे तरंगणे अवलंबून, त्याचा आकारच हवामानाप्रमाणे बदलू लागला तर वैमानिकाने विश्वास कशावर ठेवावा? विणकर सुताला खळ देतो त्याप्रमाणे कोणी कापडाला पिठाची खळ लावून पाहिली, कोणी जवसाचे तेल चोळले, कोणी रबर चढविलेले कापड वापरले. यांपैकी एकही उपाय टिकाऊ ठरला नाही.

१९१० च्या सुमारास या प्रश्नाला रसायनशास्त्राने उत्तर दिले. कापूस किंवा लाकूड यांतील तंतुद्रव्यावर, म्हणजे सेल्युलोजवर, आम्लांची क्रिया करून जो पदार्थ मिळतो तो योग्य द्रवात विरघळविला की मधासारखे दाट रोगण तयार होते. विमानाच्या कारखान्यांत त्याला ‘डोप’ असे नाव पडले. जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचे कापड, म्हणजे लिनन, पंखाच्या लाकडी सांगाड्यावर खोळीसारखे चढवीत. मेण लावलेल्या दोऱ्याने ते प्रत्येक फासळीला शिवीत, शिवणीवर फीत चिकटवीत आणि मग ब्रशाने डोपचा पहिला हात देत. द्रव उडून गेला की उरलेला पापुद्रा आकसे आणि त्याबरोबर कापडही चारी बाजूंनी ताणले जाई. चार-पाच थर झाल्यावर पंखावर बोटाने टिचकी मारली तर तबल्याच्या पुडीसारखा नाद येई. ज्या पंखातून असा नाद येत नसे तो कारागीर पुन्हा तपासायला घेई.

या लेपाचे हवेशी फार नाजूक नाते होते. हवेत ओलावा अधिक असला तर द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडे, त्यावर दव धरे आणि लेप दुधासारखा पांढुरका होई. असा लेप कापडाला ना नीट ताणतो, ना सांभाळतो. म्हणून डोप लावण्याची खोली उबदार व कोरडी ठेवावी लागे. पावसाळ्यात विमान रंगविणे किती अवघड असेल याची कल्पना यावरून येईल.

पहिल्या महायुद्धात विमानांची मागणी हजारोंनी वाढली आणि या लेपाची दुसरी बाजू उघड झाली. डोप पातळ करण्यासाठी टेट्राक्लोरोइथेन नावाचा एक द्रव वापरीत. त्याचा वास गोडसर, परंतु वाफ विषारी. कारखान्यांच्या बंद, उबदार खोल्यांत दिवसभर पंखांवर ब्रश फिरविणाऱ्या कामगारांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९१४ च्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये त्यांच्यापैकी काही जणी काविळीने आजारी पडू लागल्या. ही कावीळ साधी नव्हती, विषाने यकृतच निकामी होत होते. काही कामगार मृत्युमुखी पडले. वैद्यकीय चौकशा झाल्या, हवा खेळती ठेवण्याचे नियम झाले आणि युद्ध संपण्यापूर्वी निर्विष डोप प्रचारात येऊन तो द्रव मागे पडला. आघाडीवर मरण पावलेल्या वैमानिकांची नावे स्मारकांवर कोरली गेली. त्यांच्या विमानांचे पंख ताणताना प्राण गमावलेल्या या कामगारांच्या वाट्याला तो मान क्वचितच आला. पुढे युद्ध संपल्यावर डोपसाठी उभारलेल्या इंग्लंडमधील डार्बीजवळच्या कारखान्यात त्याच पदार्थापासून कृत्रिम रेशमाचे सूत निघू लागले. पंखांवरचा लेप अशा रीतीने वस्त्रांच्या दुकानात पोहोचला.

युद्धाने आणखी एक धडा दिला. कापडाचा सर्वांत मोठा शत्रू वारा किंवा पाऊस नसून ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण धाग्याला आतून झिजवितात. वरून कापड चांगले दिसते, परंतु त्याचे बळ निम्मे झालेले असते. म्हणून स्वच्छ डोपवर रंगद्रव्य मिसळलेले थर देण्याची प्रथा पडली. ब्रिटिश युद्धविमानांचा परिचित हिरवट-तपकिरी रंग शत्रूच्या नजरेतून विमान दडवी, तसाच तो कापडावर सावलीही धरी. पुढे डोपमध्ये ॲल्युमिनियमची बारीक पूड मिसळू लागले, कारण ती किरणांना आरशासारखी परतवून लावते. १९२० नंतरच्या दशकातील कित्येक विमाने चंदेरी दिसत याचे कारण हेच. ज्यांना हिरवे किंवा लाल विमान हवे असे तेही आधी चंदेरी थर देऊन मगच आवडीचा रंग चढवीत. हौस सर्वांत वरच्या थरात असे, संरक्षण तिच्याखाली.

ही हौस सामान्य माणसाच्या आटोक्यात आणण्याचे श्रेय जेफ्री डी हॅव्हिलंड या इंग्रज रचनाकाराला द्यावे लागते. त्याला पतंगकीटकांच्या अभ्यासाचा नाद होता, म्हणून त्याने आपल्या छोट्या दोन आसनी विमानाला ‘मॉथ’ म्हणजे पतंग असे नाव दिले. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी ते प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, धडाला पातळ फळकुटांचे आच्छादन, पंखांना कापड, आणि पंख मागे मिटून मोटारीमागून ओढून नेण्याची सोय, अशी ही सुटसुटीत रचना होती. पुढे त्यात जिप्सी नावाचे इंजिन बसले आणि ‘जिप्सी मॉथ’ जगभर पोहोचले. हिंदुस्थानातही फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना तेथून वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिलाच परवाना. विमान आता खाजगी मालकीची वस्तू झाली होती. जी वस्तू खाजगी मालकीची होते ती पुढे जुनी होते, विकली जाते, दुसऱ्याच्या हाती जाते. नवा मालक तिला नवा रंग देतो.

असेच एक जुने जिप्सी मॉथ १९३० साली एका सव्वीस वर्षांच्या तरुणीने विकत घेतले. तिचे नाव ॲमी जॉन्सन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात तिचा जन्म झाला आणि तिचे वडील मासळीचा व्यापार करीत. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिली कचेरीत चिटणीसाचे काम करीत होती. विमान चालविणे तिने कचेरीच्या वेळाआधी व नंतर क्लबात जाऊन शिकले. त्यापेक्षा विशेष असे की, ती तेथील यंत्रशाळेत पुरुष कारागिरांच्या बरोबरीने तेलकट कपड्यांत राबली आणि १९२९ च्या अखेरीस इंजिनांच्या देखभालीचा परवाना मिळविणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. तिला लंडनहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडत जावयाचे होते. तोपर्यंतचा तिचा सर्वांत लांबचा एकाकी प्रवास लंडन ते हल एवढाच होता.

विमानासाठी सुमारे ६०० पौंड लागले. ते तिचे वडील आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी मिळून दिले. विमान १९२८ साली बांधलेले होते आणि दुसऱ्याच्या हाताखाली बरेच उडलेले होते. तिने ते गडद हिरव्या रंगात रंगवून घेतले, त्यावर चंदेरी अक्षरे काढविली आणि त्याचे नाव ठेवले ‘जेसन’. ग्रीक पुराणात सोनेरी लोकर आणण्यासाठी सागरपर्यटन करणारा वीर याच नावाचा आहे. परंतु नावामागचे कारण घरगुती होते, कारण तिच्या वडिलांच्या पेढीच्या मासळीवर हीच मुद्रा असे. रंग व नाव मालकाच्या मर्जीचे असते. एक गोष्ट मात्र मालकाच्या मर्जीबाहेरची असते, ती म्हणजे नोंदणीची अक्षरे. १९१९ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक देशाला स्वतःचे चिन्ह मिळाले. ब्रिटनच्या विमानांवर ‘जी’ हे अक्षर आले आणि पुढे हिंदुस्थानच्या विमानांवर ‘व्हीटी’ ही अक्षरे आली. विमान कितीही वेळा रंगविले तरी ही अक्षरे ठळकपणे पुन्हा लिहावीच लागतात. जेसनच्या अंगावर ‘जी-ए-ए-ए-एच’ अशी अक्षरे होती.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून जेसन निघाले. धडाच्या बाजूला एक जादा प्रॉपेलर दोरीने बांधलेला होता. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास असे टप्पे घेत ती सहाव्या दिवशी, १० मे रोजी, कराचीला उतरली. वाटेत इराकच्या वाळवंटात वाळूच्या वादळाने तिला खाली उतरविले होते. उंटांच्या वाटेवरच्या त्या उन्हातून आणि वाळूच्या माऱ्यातून पंखांचे कापड शाबूत राहिले. बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. कराचीला ॲमी त्याच्यापेक्षा दोन दिवसांनी पुढे होती.

पुढचा टप्पा अलाहाबादचा होता. परंतु पेट्रोल अपुरे पडू लागले आणि ११ मे रोजी तिला झाशीला उतरावे लागले. जागा होती लष्करी छावणीतले कवायतीचे मैदान. विमान धावत जाऊन बराकींच्या मध्ये अडकले आणि पंखाला इजा झाली. त्या रात्री छावणीतील व गावातील कारागिरांनी पंखाची दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी जेसन अलाहाबादमार्गे कलकत्त्याला पोहोचले. बुंदेलखंडातील ज्या हातांनी विमानाचे लाकूड सांधले त्यांनी त्यापूर्वी विमान जवळून पाहिले असेल की नाही, शंकाच आहे. पण लाकडाचा सांधा आणि कापडाची शिवण यांचे ज्ञान त्यांच्यापाशी पिढीजात होते, आणि त्या काळचे विमान मुख्यतः लाकूड व कापड यांचेच असे.

खरी कसोटी ब्रह्मदेशात लागली. १३ मे रोजी पावसाळी ढगांतून वाट काढीत ती रंगूनच्या घोडदौडीच्या मैदानाचा शोध घेत होती. ते सापडले नाही. खाली दिसलेल्या एका मैदानावर ती उतरली. ते रंगूनजवळच्या इनसेन येथील सरकारी तंत्रशाळेचे क्रीडांगण होते. धावता धावता विमान एका चरात गेले. प्रॉपेलर मोडला, चाकांचा सांगाडा वाकला, पंख फाटला. जादा प्रॉपेलर बरोबर होता, पण पंखाचे काय? सांगाडा दुरुस्त करण्यास तंत्रशाळेतील शिक्षक व विद्यार्थी पुढे आले. मात्र विमानाचे कापड तेथे कोठून मिळणार? ते अनपेक्षित ठिकाणी मिळाले. महायुद्धानंतर उरलेले विमानाचे लिनन स्वस्तात विकले गेले होते आणि तेथील काही लोकांनी त्याचे सदरे शिवून घेतले होते. ते सदरे उसवून त्यांचे तुकडे जेसनच्या पंखावर शिवण्यात आले. डोपही नव्हते. तेव्हा एका स्थानिक माहीतगाराने हाताशी असलेली रसायने मिसळून त्याच्या जागी चालेल असे रोगण तयार केले आणि ते पंखावर चढविण्यात आले.

या प्रसंगाकडे एक गमतीदार गोष्ट म्हणून पाहण्याची पद्धत आहे. त्यातली गंमत खोटी नाही, परंतु त्यापेक्षा त्यात अधिक काही आहे. पावसाळी, दमट हवा म्हणजे डोपला सर्वांत प्रतिकूल हवा. घाईत दिलेला लेप पांढुरका पडला असता, कापड सैल राहिले असते, तर तो पंख पुढच्या समुद्रावर काय करील हे कोणी सांगू शकले नसते. तो पंख बांधणाऱ्या कोणालाही त्यावरून उडावयाचे नव्हते. उडावयाचे होते ते एकटीलाच. आणि तिला तो पंख चांगला की वाईट, हे समजत होते, कारण तिने स्वतः यंत्रशाळेत हात काळे केले होते. १६ मे रोजी तिने जेसन उचलले आणि बँकॉकची वाट धरली. विक्रम हातचा गेला होता, प्रवास मात्र राहिला होता.

जावा बेटावर तिला पुन्हा एका उसाच्या मळ्यात उतरावे लागले. नव्या इमारतीसाठी जमिनीत रोवलेल्या बांबूच्या खुंट्या खालच्या पंखांतून आरपार गेल्या आणि कापडाला भोके पडली. ती जखमेवर लावावयाच्या औषधी चिकटपट्टीने बुजविण्यात आली. हिरव्या पंखांवर झाशीची डागडुजी, इनसेनचे सदरे आणि जावाच्या पट्ट्या घेऊन जेसन तिमोर समुद्र ओलांडून २४ मे १९३० रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विनला उतरले. सुमारे ११,००० मैलांचा प्रवास झाला होता. एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत विमान नेणारी ॲमी जॉन्सन ही पहिली स्त्री ठरली.

त्याच महिन्यात याच आकाशमार्गावर हिंदी तरुणही होते. हिंदी वैमानिकाने इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर महिन्याभरात एकट्याने काटावे, यासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाला होता, तर जे. आर. डी. टाटा कराचीहून उलट दिशेने. मनमोहनसिंग हे तिसरे स्पर्धक होते. तिघांची विमाने जिप्सी मॉथच. ईजिप्तमधील अबुकीर येथे ॲस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याजवळ इंजिनाचे जादा स्पार्क प्लग नव्हते. टाटांनी आपल्या जवळचे प्लग त्याला दिले. पारितोषिक ॲस्पीला मिळाले. हाच तरुण पुढे भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. छोट्या, जुन्या, खाजगी विमानांच्या या जगात प्रतिस्पर्ध्याचे विमान उडते ठेवणे हाही एक धर्म होता.

जेसनचे पुढे काय झाले? २९ मे रोजी ब्रिस्बेन येथे उतरताना ते उलटले व बरेच मोडले. दुरुस्त होऊन ते बोटीने इंग्लंडला परतले आणि लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याला कायमचा आसरा मिळाला. त्याची मालकीण अधिक दुर्दैवी ठरली. दुसऱ्या महायुद्धात ती विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविणाऱ्या दलात काम करीत होती. ५ जानेवारी १९४१ रोजी तिचे विमान थेम्स नदीच्या मुखाशी कोसळले आणि तिचा देह सापडला नाही.

जुन्या खाजगी विमानापुढे असे दोनच सन्माननीय मार्ग असतात. एक संग्रहालयाचा, दुसरा आकाशाचा. या दोन मार्गांवर रंगाचा अर्थ अगदी निराळा होतो. संग्रहालयात गेलेल्या विमानाचा जुना रंग हा दस्तऐवज असतो. त्यावरचा ओरखडा, ठिगळ, तेलाचा डाग यांतून इतिहास बोलतो. तेथे उत्साहाने नवा रंग देणे म्हणजे जुन्या बखरीवर नवी शाई फिरविण्यासारखे आहे. उलट, जे विमान उडत राहावयाचे आहे त्याला जुना रंग राखून चालत नाही. कापड वयाने थकते, तेव्हा ते उतरवून लाकडी फासळ्या, तुळया व सरसाने जोडलेले सांधे पारखून पाहावे लागतात. मग नवे कापड, नवी शिवण, नवा लेप. आज लिननच्या जागी बहुधा पॉलिएस्टरचे कापड येते आणि ते इस्त्रीच्या उष्णतेने आकसवून ताणतात. तथापि लेपांचा क्रम जुनाच आहे. प्रथम कापड भरणारा थर, मग ॲल्युमिनियमचा किंवा तसाच किरण अडविणारा थर, आणि शेवटी रंग.

धातूच्या विमानांची कथाही फार वेगळी नाही. रंगाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा गंजतो आणि तो गंज रंगावर बारीक फुगवट्यांच्या रूपाने उशिरा दिसतो. म्हणून जुन्या रंगावर नुसताच नवा रंग चढविणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक मार्ग होय. जुना थर रसायनाने किंवा हलक्या घासणीने उतरवावा लागतो. पोलादी खरवडणीने पत्र्यावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतूनच पुढे तडे जाण्याचा संभव असतो. शिवाय रंगाला वजन असते. थरावर थर चढत गेले तर लहान विमान तेवढा भार कमी उचलते. पंखाच्या व शेपटीच्या हलत्या फळ्यांवर थोडा अधिक रंग चढला तर त्यांचा तोल बिघडून वेगात त्या थरथरू लागतात, आणि अशा थरथरीने पंख मोडल्याची उदाहरणे विमानविद्येच्या इतिहासात आहेत. यासाठी रंगकामानंतर त्या फळ्यांचा तोल पुन्हा पाहतात, विमान तोलून त्याचे वजन नोंदतात आणि जबाबदार तंत्रज्ञाची सही झाल्याखेरीज ते आकाशात जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला या नोंदी कागदी सोपस्कार वाटतात. वैमानिकाच्या दृष्टीने ती सही म्हणजे कोणीतरी आपल्या आधी तेथे हात फिरवून पाहिला आहे, याची साक्ष असते.

जुने विमान किती काळ उडू शकते, याचे उत्तर भारताला १९८२ साली प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘व्हीटी-एडीएन’ या पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे टपाल आणले होते. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. या वेळचे विमान होते लेपर्ड मॉथ, त्याच पतंगकुळातले. या जातीची विमाने १९३३ ते १९३६ या काळात तयार झाली. म्हणजे ते विमानही अर्धशतकाच्या जवळ पोहोचलेले होते. जुहूला जमलेल्या लोकांचे डोळे साहजिकच वैमानिकाकडे लागले होते. परंतु अर्धशतकापूर्वीच्या लाकडाला व कापडाला समुद्रकाठच्या वाऱ्यातून सुखरूप आणणाऱ्या कारागिरांचे श्रमही त्याच क्षणी जमिनीला टेकले होते.

विमानविद्येचा इतिहास बहुधा उड्डाणांच्या तारखांनी लिहिला जातो. त्या तारखा खऱ्या असतात, पण त्यांच्यामागे कामाच्या अनेक रात्री असतात. कारखान्याच्या कोंदट खोलीत विषारी वाफेत ब्रश फिरविणारी कामगार स्त्री, झाशीचे कारागीर, आपला सदरा उसवू देणारा इनसेनचा कोणी गृहस्थ, यांची नावे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. होडी समुद्रात लोटल्यावर कोळ्याच्या हाताचा लेप पाण्याखाली जातो आणि दिसेनासा होतो. पंखावरचा आतला थरही तसाच वरच्या रंगाखाली दिसेनासा होतो, आणि विमान मात्र त्याच्याच आधाराने पैलतीर गाठते.